तांब्या, बरणी आणि तीन कांदे: एकाच मांडणीवर रंग, आकार आणि रेघेचे प्रयोग

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला वस्तुचित्र आणि इंटरमीजिएटला स्थिरचित्र काढलेल्यांच्या हातात एक सवय मुरलेली असते. आधी फिकट पेन्सिलीने बाह्यरेषा, मग दिसतो तसा रंग, मग बोटाने घोटून गुळगुळीत केलेलं शेडिंग. परीक्षेपुरती ही पद्धत चोख आहे. पण तिच्यात तांब्या, कांदा आणि मागचं कापड ही सगळी एकाच पदार्थाची बनल्यासारखी दिसतात, आणि कागद लहान असो की मोठा, हात तसाच चालतो. पुढचे प्रयोग ही सवय सोडवण्यासाठी आहेत. अट एकच: मांडणी तीच ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग, आकार आणि रेघ तिन्ही एकदम बदलली तर चित्र जमलं तरी ते कशामुळे जमलं हे कळत नाही, आणि बिघडलं तर हात कुठे घालायचा तेही कळत नाही.

मांडणी

वस्तू कमी घ्या, पण त्यांचे पोत एकमेकांपासून लांबचे असू द्या. घासलेला पितळी तांब्या, चिनी मातीची दोन रंगांची बरणी, तीन कांदे (त्यातला एक उभा चिरलेला), शेंड्या अर्धवट सोललेला नारळ आणि चौकड्यांचा सुती पंचा. एवढ्यात चकाकी, गुळगुळीत झिलई, कागदासारखी टरफलं, खरखरीत तंतू आणि घड्या हे सगळं येतं. वस्तू एका ओळीत उभ्या करू नका. निदान दोन ठिकाणी एक वस्तू दुसरीला थोडी झाकू द्या, आणि एखादा कांदा गटापासून वीतभर लांब ठेवा.

उजेड एकाच बाजूने हवा. टेबल लॅम्प असेल तर डावीकडून, साधारण तीन फुटांवर, वस्तूंच्या उंचीच्या दीडपट वर ठेवा आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. दोन दिवे चालू राहिले की प्रत्येक वस्तूला दोन पडछाया पडतात आणि गोलाई तुटते. खिडकीचा उजेड वापरणार असाल तर उत्तरेकडची खिडकी बरी. इतर बाजूंना तासाभरात सावल्या सरकतात.

बसायची जागा मांडणीच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट अंतरावर ठेवा. त्याहून जवळ बसलात तर एका नजरेत सगळं मावत नाही, मान फिरते आणि तांब्याचं तोंड दर वेळी वेगळं दिसतं. प्रयोग अनेक दिवस चालतात, म्हणून प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती टेबलावर खडूने खूण करा आणि खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टी लावा. बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांडी आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि भांडी रंगवत राहिला. टेबलावर अंथरलेल्या कागदावर तो वस्तूंच्या जागा अशाच आखून ठेवत असे. अर्ध्या इंचाने बाटली सरकली की तिच्या आणि शेजारणीच्या मधली फट बदलते, आणि चित्रात ती फट वस्तूइतकीच महत्त्वाची असते.

चिरलेल्या कांद्याचं चित्र सगळ्यात आधी काढून घ्या. दोनेक तासांत त्याच्या कडा सुकून आत वळतात. पितळही हळूहळू काळवंडतं, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी चिंचेने घासून घ्या.

आता ए-३ कार्ट्रिज कागदावर २बी पेन्सिलीने अर्ध्या तासात नुसतं रेखांकन करा, शेडिंग नको. हे मूळ रेखांकन जपून ठेवा. त्याच्या प्रती काढण्यासाठी ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला ६बी पेन्सिल घासा आणि वरून बॉलपेनने गिरवा. रेघेच्या आणि रंगाच्या प्रयोगांना अशा प्रती चालतात. आकाराच्या प्रयोगात मात्र दर वेळी वस्तूकडे बघूनच काढायचं आहे.

रेघ, ठिपका, फटकारा

आधी साधनं चाचपून बघा. ए-३ कागदावर ५ सेंटिमीटरचे वीस चौकोन आखा आणि प्रत्येकात एक साधन एकाच पद्धतीने चालवा. ६बी पेन्सिल टोकाने, मग आडवी धरून. कोळशाची कांडी टोकाने, मग पूर्ण कुशीवर. बोरू आणि काळी शाई. खराट्याचा हीर शाईत बुडवून. कडुलिंबाचं दातवण चावून त्याचा कुंचला करून. जुना टूथब्रश अंगठ्याने झटकून. मेणबत्ती घासून वरून पातळ शाई. प्रत्येक चौकोनाखाली साधनाचं नाव लिहा, नाहीतर आठवड्याने काय कशाने केलं ते ओळखता येत नाही.

बोरूकडे जरा जास्त लक्ष द्या. बोरू नसेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीची बांबूची कांडी घ्या, टोक तिरकं कापा, २ ते ३ मिलिमीटर रुंद ठेवा आणि मधोमध एक सेंटिमीटरची चीर द्या. फाउंटन पेनसारखा यात शाईचा साठा नसतो. त्यामुळे रेघ गडद सुरू होते, बोटभर पुढे गेली की विरळ होते आणि शेवटी कोरडी, तुटक. नवशिक्याला हा दोष वाटतो आणि तो दर सेंटिमीटरला बोरू बुडवत बसतो. तसं करू नका. उजेडाच्या बाजूला कोरडी रेघ, सावलीत नुकताच बुडवलेला बोरू, एवढं पाळलं की शेडिंग न करताच गोलाई येते. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल इथे अशाच बोरूने काढलेल्या रेखाचित्रांत गवत, नांगरलेली जमीन, आकाश यांना प्रत्येकी वेगळी रेघ आहे: कुठे ठिपके, कुठे आखूड फटकारे, कुठे वळणं. रंग नसूनही काय कशाचं आहे ते लगेच कळतं.

तेच मांडणीवर करा. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची रेघ द्या आणि ती दुसरीला देऊ नका. कांद्याच्या रेघा मुळापासून शेंड्याकडे जातात, मधे फाकतात आणि दोन्ही टोकांना एकत्र येतात. त्याच दिशेने हीर चालवा. नारळाला दातवणाचे कोरडे, तुटक फटकारे द्या. बरणीच्या झिलईला रेघ जवळजवळ नकोच, कोळशाची कूस एकदाच फिरवा आणि उजेडाचा ठिपका कोरा सोडा. पंचाच्या चौकड्या सरळ आखू नका. घडी जिथे वळते तिथे चौकडीही वळते, आणि घडी दाखवायला तेवढं पुरतं.

तांब्या सगळ्यांत अवघड, कारण बहुतेकजण तो घोटून गुळगुळीत करतात. मग तो पितळी न दिसता रबरी दिसतो. नीट पाहिलं तर चकचकीत धातूत मधल्या छटा फार कमी असतात. अगदी गडद पट्टा आणि अगदी उजळ पट्टा एकमेकांना खेटून असतात, मधली कड धारदार असते आणि हे पट्टे पोटाच्या गोलाईबरोबर वाकतात. चकाकीच्या जागी आधी मेणबत्ती घासा आणि मग शाईत चौपट पाणी मिसळून वरून फिरवा. मेण लावलं तिथे शाई धरत नाही. पांढऱ्या कागदावर पांढरं मेण दिसत नाही, म्हणून कागद दिव्याकडे तिरका धरून बघा, लावलेली जागा चमकते.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. सगळीकडे ४५ अंशांतलं हॅचिंग (समांतर रेघांचं शेडिंग) केलं की वस्तूंचा पोत पुसला जातो. शाई कागदात फुटून केसाळ झाली तर कागदात खळ कमी आहे, म्हणून कोपऱ्यात एक रेघ ओढून आधी तपासा. आणि पेन्सिलीने घोटलेल्या भागावर कोळसा धरत नाही, कारण ग्राफाइटचा थर गुळगुळीत असतो. कोळसा आधी, पेन्सिल नंतर.

हे झालं की एक प्रत बाह्यरेषेशिवाय करा. मूळ रेखांकन अगदी पुसट उतरवा आणि कड फक्त दोन वेगळ्या रेघांच्या भेटीतून येऊ द्या. जिथे कांदा आणि कापड यांची रेघ सारखी झाली असेल तिथे कड हरवेल. हरवलेली कड दर वेळी वाईट नसते. सावलीच्या बाजूची एखादी हरवू द्या.

उलटा प्रयोगही करून बघा. पूर्ण कागद कोळशाच्या कांडीने भरा, कापडाने सारखा करा आणि रबराने उजेड काढत जा. मळता येणारं मऊ रबर यासाठी चांगलं, त्याला टोक काढता येतं. साधी कांडीच वापरा. दाबून बनवलेला काळाभोर कोळसा रबराने पूर्ण निघत नाही. शेवटी फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) एक फुटावरून, दोन हलके थर. एकाच जागी जास्त मारलं की कागद ओला होतो आणि डाग पडतात. हेअर स्प्रे स्वस्त पडतो, पण कालांतराने कागद पिवळा करतो.

आकार लहान, आकार मोठा

आधी लहान. ए-४ कागदावर ५ बाय ७ सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखा. तेवढीच खिडकी एका पुठ्ठ्यात कापा आणि तिच्यातून मांडणी बघा. ए मालिकेच्या कागदाची लांबी रुंदीच्या सुमारे १.४ पट असते, ५ बाय ७ चं प्रमाण तेच आहे. खिडकी एका प्रमाणाची आणि कागद दुसऱ्या प्रमाणाचा असेल तर पाहिलेली रचना कागदावर बसणारच नाही. प्रत्येक चौकटीला तीन मिनिटं, जाड मार्कर आणि तीनच छटा: कोरा कागद, एक राखाडी, एक काळा. जाड मार्करने टरफलाच्या शिरा काढताच येत नाहीत, आणि तेच हवं आहे. एका चौकटीत सगळी मांडणी घ्या, एकात फक्त तांब्याचा गळा आणि बरणीची कड, एकात नुसत्या पडछाया.

मग वस्तूएवढंच चित्र. हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंची कागद घ्या. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घ्या. तांब्या पेन्सिलीवर ४ सेंटिमीटर आला आणि तुम्हाला तो २० सेंटिमीटर काढायचा असेल, तर पुढचं प्रत्येक माप पाचपट करायचं. कोपर जरा जरी वाकलं तरी प्रमाण बिघडतं. तांब्याचं तोंड आणि बूड दोन्ही डोळ्यांच्या पातळीखाली असतील तर बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसतो. बूड टेबलावर सपाट टेकलंय हे ठाऊक असल्यामुळे हात ते सरळ रेषेत काढतो आणि तांब्या हवेत तरंगतो. लंबगोलाची दोन्ही टोकंही गोलच असतात, टोकदार कधीच नाहीत.

आणि मग मोठं. चिरलेला कांदा ४० सेंटिमीटर रुंद काढा. खाकी कागद भिंतीला चिकटपट्टीने लावा आणि उभं राहून काढा. हा प्रयोग बसून होत नाही, कारण बसल्यावर मनगट चालतं आणि उभं राहिल्यावर खांदा. पहिल्या दहा मिनिटांतच कळेल की कांदा कितीतरी पट मोठा झाला तरी पेन्सिलीचं टोक तेवढंच राहिलं आहे. बारीक रेघांनी एवढी जागा भरायला घेतलीत तर तास जाईल आणि कांदा केसाळ दिसेल. मोठा कागद मोठं साधन मागतो: कोळशाची ५ सेंटिमीटरची पूर्ण कूस, भिंत रंगवायचा दोन इंची ब्रश, शाईत बुडवलेलं फडकं. तपशिलाचा मोह आवरत नसेल तर कोळसा दोन-अडीच फुटांच्या काठीला दोऱ्याने घट्ट बांधा आणि काठीचं दुसरं टोक धरून काढा. फ्रान्समधल्या व्हान्स गावच्या चॅपेलसाठी (छोट्या प्रार्थनाघरासाठी) चित्रकार माटिसने लांब बांबूला कोळसा बांधून रेखाटनं केली होती. काठीमुळे रेघ थरथरते, पण सबंध आकार एका नजरेत राहतो.

मोठ्या कांद्यात नवीन काहीतरी दिसायला हवं, नाहीतर ते नुसतं फुगवलेलं चित्र होईल. चिरलेल्या बाजूकडे भिंगातून बघा. प्रत्येक पाकळीच्या बाहेरच्या कडेला जांभळी रेघ आहे, आत ती विरत जाते. दोन पाकळ्यांच्या मधे पातळ, पारदर्शक पापुद्रा आहे. बुडाशी सगळ्या पाकळ्या एका कठीण चकतीत रुततात. वस्तूएवढ्या चित्रात हे टिंबभर जागेत दडपलेलं असतं. मोठ्या चित्रात त्याला वीतभर जागा मिळते.

कांदा कागदाच्या कडेने कापणार असाल तर बेधडक कापा. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफने १९२० च्या दशकात फुलं इतकी मोठी रंगवली की पाकळ्या चौकटीबाहेर जातात. दोन-तीन बाजूंनी आकार बाहेर गेला की ते हेतुपुरस्सर वाटतं. कडेला नुसता टेकला की जागा पुरली नाही असं वाटतं. दोन वस्तूंच्या कडांचंही तसंच: एकतर झाका, नाहीतर फट ठेवा, टेकवू नका.

शेवटी एकाच चित्रात प्रमाण मोडा. लसणाची पाकळी तांब्याहून उंच काढा. हे पटण्यासाठी दोन गोष्टी लागतात. उजेड दोन्ही वस्तूंवर एकाच बाजूने हवा आणि पाकळीची पडछाया तांब्यावर पडायला हवी. पडछाया विसरलात तर ती दोन वेगळी चित्रं शेजारी चिकटवल्यासारखी दिसतात.

रंग

रंग शेवटी घेण्याचं कारण आहे. चित्र उभं राहतं ते उजळ-गडदपणावर. तो बरोबर असेल तर रंग कुठलाही चालतो, आणि तो चुकला तर हुबेहूब रंगही चित्राला वाचवत नाही. हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून पहिला प्रयोग त्याचाच.

ऑइल पेस्टलची २५ रंगांची पेटी घ्या. प्रत्येक कांडी कागदावर बोटभर घासा, मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा आणि कांड्यांचे तीन गट करा. पिवळा, फिकट गुलाबी, आकाशी हे उजळ गटात जातील. नारिंगी, पोपटी, शेंदरी मधल्या गटात. प्रशियन निळा, जांभळा, गडद तपकिरी गडद गटात. तांबड्याच्या बाबतीत फोटोवर पूर्ण विसंबू नका, वेगवेगळे कॅमेरे तो वेगळा पकडतात. डोळे किलकिले करून स्वतः ताडून बघा. आता रेखांकनाची प्रत घ्या आणि उजळ जागी उजळ गटातली, गडद जागी गडद गटातली हाताला लागेल ती कांडी वापरा. कांदा हिरवा, तांब्या निळा, पडछाया किरमिजी. गट पाळलात तर तांब्या तांब्याच दिसतो. एखादी कड नाहीशी झाली तर फोटोत बघा: लाल आणि हिरवा शेजारी ठेवले असतील आणि दोघांचा गडदपणा सारखाच निघेल.

या प्रयोगात पिवळा अडवतो. गडद पिवळा असा रंगच नाही, काळा मिसळला की तो शेवाळी होतो. पिवळ्या वस्तूची सावली तपकिरी किंवा जांभळ्याकडे न्यावी लागते.

दुसरा प्रयोग पोस्टर कलरचा, तीन रंग आणि पांढरा: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). काळा बाजूला ठेवा. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांतून काळ्याच्या जवळ जाणारा गडद राखाडी मिळतो, आणि निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उष्ण. सगळ्या छटा याच तिघांतून आल्यामुळे चित्र आपोआप एकसंध होतं. पितळ यातच होतं: ऑकर आणि पांढरा उजेडात, सिएना सावलीत, आणि कडेला पंचाचा किंवा खिडकीचा पडलेला रंग. सोनेरी पोस्टर कलर वापरू नका. तो सगळीकडे सारखाच चमकतो, त्यामुळे गोलाई मरते.

तिसरा प्रयोग खाकी कागदावर. कागदाचा रंगच मधली छटा. तुम्ही फक्त एक गडद आणि एक पांढरी कांडी वापरायची आणि निदान एक तृतीयांश कागद मोकळा सोडायचा. पांढरा फक्त जिथे उजेड थेट पडतो तिथेच. बरणीचा एक भाग पांढरा आहे म्हणून तो सगळा पांढरा केला की खऱ्या चकाकीला रंग उरत नाही. खाकी कागद टिकाऊ नसतो, उन्हाने उडतो आणि ठिसूळ होतो. ठेवायचं चित्र असेल तर टिंटेड शीट (रंगीत चित्रकला कागद) घ्या.

पार्श्वभूमी बदलण्याचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे, पण तो चुकवू नका. बरणीच्या मागे आधी नारिंगी घोटीव कागद लावा, मग निळा. नारिंगीपुढे बरणीचा पांढरा निळसर भासतो, निळ्यापुढे तोच पिवळसर. पॅरिसच्या गोबलँ या विणकाम कारखान्यात रंगाई खातं सांभाळणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्रेल याने शेजारी रंगांचा हा परिणाम १८३९ मध्ये ग्रंथरूपात मांडला. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पडछाया निळसर दिसते त्यामागेही हेच आहे. म्हणून पडछाया काळ्याने भरू नका.

तिन्ही एकत्र

इथवर आल्यावर पहिल्यांदा दोन गोष्टी एकदम बदला. मोठा कागद आणि रेघेतून रंग ही जोडी चांगली जुळते. निळ्या आणि पिवळ्या पेस्टलच्या रेघा एकमेकींशेजारी ओढा, घोटू नका. २-३ मिलिमीटरच्या रेघा पुरेसं मागे गेल्यावर एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. कागद मोठा करून रेघाही बोटभर जाड केल्यात तर तेवढ्या अंतरावर त्या मिसळत नाहीत, सुट्या दिसतात. त्या सुट्या राहू द्यायच्या की मिसळू द्यायच्या हे चित्र कुठे लावणार यावर ठरवा. अरुंद खोलीत मागे सरकायला जागा नसते.

ऑइल पेस्टलचे तीनच्या वर थर देऊ नका, चौथा थर खालचा उकरतो आणि चिखल होतो. उजळ रंग आधी, गडद वर, आणि मग संपलेल्या रिफिलच्या टोकाने खरवडून खालचा उजळ रंग बाहेर काढा. नारळाच्या शेंड्या अशा उत्तम निघतात. कोळशावर ऑइल पेस्टल फिरवू नका, कांडी काळी होते आणि पुढचा प्रत्येक रंग मळतो.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, कागद, साधन, लागलेला वेळ आणि यावेळी काय बदललं ते एका ओळीत लिहा. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठा आडवा ठेवा. उन्हाळ्यात तो पत्र्याच्या कपाटात नको, रंग मऊ होऊन बटर पेपरलाही चिकटतो.